भूमापन-नकाशांवरील अक्षर : सुवाच्यतेच्या प्रचलित सिद्धान्तांचे परीक्षण

नकाशा वाचणे आणि पुस्तक वाचणे या दोन भिन्न क्रियांसाठी आपण एकच क्रियापद योजतो, आणि नकाशावरील अक्षरांसंबंधीचा बराचसा विचारभ्रम येथूनच सुरू होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुस्तकाचा वाचक शब्दामागून शब्द घेत पुढे जातो. एखादे अक्षर पुसट उमटले असले तरी पुढचामागचा अर्थ ते भरून काढतो. ‘त्याने नांगर धरला’ या वाक्यातील ‘ध’ चा ‘घ’ झाला तरी कोणी अडखळत नाही. भूमापनाच्या नकाशावर अर्थाचा हा आधार नसतो. तेथे एका चिंचोळ्या चौकटीत ‘४५/३’ एवढेच लिहिलेले असते, आणि तो शेवटचा आकडा तीन आहे की सहा हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा त्या कागदावर नसतो. बांध कोणाचा, विहिरीतील हिस्सा कोणाचा, आणि मोजणीच्या दिवशी भूकरमापकाने कोणत्या खुणेपासून काम सुरू करावयाचे, हे मात्र त्या एका आकड्यावर अवलंबून असते.

नकाशाक्षरांवरील पाश्चात्त्य वाङ्मय या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या खात्यातील विदिकोम यांनी १९२९ साली तेथील भूगोलविषयक नियतकालिकात या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि १९३१ पासून निघू लागलेल्या एक इंची नकाशाच्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी सिद्ध केलेली, अभिजात रोमन वळणाची अक्षरे आली. अमेरिकेत आर्थर रॉबिन्सन यांचा ‘द लुक ऑफ मॅप्स’ हा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. नकाशाचे रूप परंपरेवरून वा अभिरुचीवरून न ठरविता त्याच्या कार्यावरून ठरवावे, हा त्यातील मूलगामी विचार असून अक्षरलेखनास त्यात मानाचे स्थान आहे. झुरिकच्या एडुआर्ड इम्होफ यांनी १९६२ साली नकाशावरील नावांच्या मांडणीवर लिहिलेला प्रबंध तर आजही या विषयाचा पाया मानला जातो. संगणकाकडून नावे बसवून घेण्याच्या कित्येक पद्धतींचे मूळ त्यातच सापडते. नाव सहज वाचता यावे, ते ज्या वस्तूचे त्या वस्तूशी निःसंदिग्धपणे जोडलेले दिसावे, त्याने नकाशातील इतर आशय शक्यतो झाकू नये, नदीचे नाव नदीच्या वळणाने जावे आणि प्रदेशाचे नाव प्रदेशभर पसरावे, असे त्यांचे नियम आहेत.

या तिघांच्या विद्वत्तेविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. रॉबिन्सन यांच्या काळी सुवाच्यतेचे जे प्रयोग उपलब्ध होते, ते मुख्यतः मानसशास्त्रज्ञांनी केलेले होते. मिनेसोटा विद्यापीठातील टिंकर व पॅटरसन यांनी सलग मजकूर वाचण्याचा वेग मोजून टंकांची तुलना केली, आणि सारा मजकूर मोठ्या लिपीतील अक्षरांत छापल्यास वाचन मंदावते यांसारखे निष्कर्ष काढले. ते निष्कर्ष त्यांच्या क्षेत्रात अबाधित आहेत. परंतु नकाशावर सलग मजकूर असतोच कोठे? ही शंका बार्बरा बार्ट्झ या विदुषीने १९७० साली ‘द कार्टोग्राफिक जर्नल’मध्ये स्पष्टपणे मांडली : नकाशाचा वाचक वाचीत नसतो, तो शोधीत असतो, तेव्हा वाचनवेगाच्या प्रयोगांवरून नकाशाचा टंक ठरविणे युक्त नव्हे. आमच्या मते या वाङ्मयातील सर्वांत महत्त्वाचा आक्षेप हाच होय. तथापि बार्ट्झ यांच्याही डोळ्यांपुढे प्रामुख्याने स्थलनामांचा नकाशा होता. भूमापनाच्या नकाशाचा वाचक शोधतो हे खरे. पण शोधून झाल्यावर त्याला आणखी एक काम करावयाचे असते. सापडलेली खूण तीच आहे, दुसरी नव्हे, याची खात्री त्याला करून घ्यावयाची असते. सुवाच्यतेचा हा तिसरा अर्थ, म्हणजे एका चिन्हाचे दुसऱ्या चिन्हात रूपांतर होऊ न देण्याचा गुण, या वाङ्मयात जवळजवळ दुर्लक्षित राहिला आहे. आणि लिपी देवनागरी असली की हे दुर्लक्ष महाग पडते.

रोमन लिपीतील अक्षरे सुटी असतात. देवनागरीतील अक्षरे एका आडव्या रेषेस टांगलेली असतात. ही शिरोरेषा पुस्तकात वाचकाची वाटाडी आहे. नकाशावर ती आणखी एक रेषा होऊन बसते. आणि ज्या कागदावर बांध, ओढा, गाडीवाट, शिव आणि पोटहिस्स्याची हद्द हे सारे रेषांनीच सांगितलेले असते, तेथे अक्षराची रेषा कोणती आणि जमिनीची कोणती हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. त्यातही आपल्या लिपीतील तीन जोड्या अशा आहेत की त्यांच्यातील भेद बव्हंशी शिरोरेषेवरच आहे. ‘घ’ ची शिरोरेषा अखंड, ‘ध’ ची तुटलेली; ‘म’ ची अखंड, ‘भ’ ची तुटलेली; ‘य’ ची अखंड, ‘थ’ ची तुटलेली. तुटलेल्या जागी एक लहानशी गाठ असते, पण अक्षर बारीक झाले की ती गाठ शाईने भरून जाते आणि उरतो तो फक्त रेषेतील खंड. आता शब्दाच्या माथ्यालगत हद्दीची एक रेषा समांतर गेली की तो खंड बुजतो. अष्टविनायकांपैकी एकाचे स्थान असलेले पुण्याजवळचे थेऊर ठाण्याच्या डोंगरातील येऊर होते, पंढरपूरकडील भोसे मावळातील मोसे नदीशी नाते सांगू लागते, आणि घोटीचे धोटी होते. ही गावे प्रसिद्ध असल्याने तेथे चूक लगेच ध्यानात येईल. परंतु गावाच्या नकाशात नावे असतात ती माळांची, ओढ्यांची, वाड्यांची, शेतांची. ती त्या गावाबाहेर कोणालाच ठाऊक नसतात, आणि एकदा चुकीची उतरली की तीच पुढे दप्तरात जातात.

अनुस्वाराची कथा निराळी नाही. पिंपरी आणि पिपरी ही दोन्ही खरी ग्रामनामे आहेत, आणि दोहोंतील भेद एका ठिपक्याचा आहे. नकाशावर ठिपका हे विहीर, झाड, हद्दीचा दगड अशा किती खुणांचे अंग असते हे सांगावयास नको. म्हणून पुस्तकाच्या टंकात शोभणारा नाजूक, शिरोरेषेपासून अंतर राखणारा अनुस्वार नकाशावर दोषास्पद ठरतो. तेथे तो ठसठशीत आणि अक्षराला चिकटून असावा. किंचित विरूप दिसला तरी चालेल.

रोमन लिपीसाठी सांगितलेला आणखी एक नियम येथे तपासला पाहिजे. सेरिफविरहित, एकसारख्या जाडीचा टंक नकाशास सर्वांत सुवाच्य, असे हल्ली गृहीत धरले जाते. ऑर्डनन्स सर्व्हेने १९७४ पासून निघालेल्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर युनिव्हर्स हा टंक स्वीकारला, तोही याच वळणाचा. स्थलनामांपुरता हा नियम मान्य करण्यास हरकत नाही. परंतु याच वर्गातील कित्येक टंकांत इंग्रजी एकचा आकडा म्हणजे केवळ एक उभी काडी असते; तिच्याशेजारी पोटहिस्स्याची तिरपी काडी आली, आणि भोवती हद्दीच्या काड्या असल्या, म्हणजे आकडा कोठे संपला आणि शेत कोठे सुरू झाले हे ठरविणे कठीण होते. शिवाय शिवारात नकाशा उत्तरेकडे तोंड करून फिरवावा लागतो, आणि कागद उलटा झाला की इंग्रजी सहाचा नऊ होतो. या दोन्ही बाबतींत देवनागरी अंक अधिक निर्धोक आहेत हे आवर्जून सांगितले पाहिजे. आपला ‘१’ वळशाचा आहे, तो रेषेत हरवत नाही. आणि ‘६’ उलटा केला तरी त्याचा ‘९’ होत नाही. देवनागरी अंकांचे धोके वेगळे आहेत. ‘१’ आणि ‘९’ यांच्या बांधणीत साम्य आहे, फरक काय तो एका लहान फाट्याचा, आणि फिकट प्रतीत प्रथम तो फाटाच जातो. ‘३’ आणि ‘६’ हे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब होत. कागदावरील नकाशाला याची बाधा नाही. पण पारदर्शक कापडावर वा कागदावर उतरविलेला नकाशा चुकून उलट बाजूने पाहिला, आणि त्या कोपऱ्यात ‘३’ वा ‘६’ एकटाच असला, तर पाहणाऱ्यास संशयही येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की आकड्याची चूक टिकत नाही; आकारबंदात प्रत्येक नंबराचे क्षेत्र लिहिलेले असते आणि त्यावरून ती उघडकीस येते. हा आक्षेप विचारार्ह आहे. मूळ मोजणीत सर्व्हे नंबर क्रमाने पडत, त्यामुळे शेजारचे नंबरही साक्ष देत. परंतु क्षेत्राची पडताळणी कचेरीत होते. ‘क’ प्रत हातात घेऊन बांधावर उभ्या असलेल्या खातेदारास ती उपलब्ध नसते. आणि दोन भावांत सारखी वाटणी झालेली असली की दोन हिस्स्यांची क्षेत्रेही सारखीच असतात, म्हणजे नेमके जेथे तंटा संभवतो तेथेच क्षेत्राचा साक्षीदार मुका होतो. एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यान्वये गट पडल्यानंतर तर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर असे दोन क्रम एकाच भूमीवर आले, आणि शेजाऱ्याच्या नंबरावरून अनुमान करण्याची सोयही पुष्कळ अंशी गेली.

येथे अक्षराच्या आकाराचा प्रश्न येतो, आणि तो निव्वळ टंकाचा प्रश्न नाही. इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास जी पद्धती बसविली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जी सर्व मुंबई इलाख्यात स्थिर झाली, तिची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. एका इंचास वीस साखळ्या या प्रमाणाच्या जुन्या गाव-नकाशात गुंठ्याची बाजू इंचाचा विसावा भाग, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या किंचित वर भरते. १:५००० या प्रमाणातही ती दोनच मिलिमीटर. आता एक साखळी रुंद आणि पाच साखळ्या लांब अशी पाच गुंठ्यांची पट्टी घ्या. रस्त्याच्या वा पाटाच्या पाण्याच्या सोयीसाठी वाटण्या अशाच लांबट पडतात. १:५००० च्या नकाशावर ही पट्टी दोन मिलिमीटर रुंद व दहा मिलिमीटर लांब होईल. दोन्ही बाजूंच्या रेषांना न शिवता तीत नंबर लिहावयाचा तर अंकाची उंची सव्वा मिलिमीटरच्या वर नेता येत नाही. त्यात ‘१२७/२/१’ असा लांब नंबर बसवावयाचा, तोही पट्टीच्या तिरप्या दिशेने. याचा सरळ अर्थ असा की ज्याची जमीन मोठी त्याचा नंबर नकाशावर ठळक आणि सुवाच्य, आणि ज्याची जमीन सर्वांत लहान त्याचाच नंबर सर्वांत बारीक. पाच गुंठ्यांच्या धन्याला हद्दीतील एका हाताचा फरक जितका जाणवतो तितका पन्नास एकरांच्या धन्याला जाणवत नाही. पण अक्षराची कृपा मात्र उलट्या प्रमाणात वाटली जाते.

इम्होफ यांचा नियम येथे अपुरा पडतो. नावाने वस्तूशी निःसंदिग्ध संबंध दाखवावा, हे खरे. पण त्यासाठी ते वस्तूच्या आतच असले पाहिजे असे नाही. आपल्या जुन्या नकाशाकारांना हे उमगले होते. तुकडा लहान असला तर नंबर बाहेर मोकळ्या जागी लिहून बाणाने आत नेण्याची, किंवा नकाशाच्या कडेला तेवढाच भाग मोठ्या प्रमाणात पुन्हा काढण्याची चाल सर्वपरिचित आहे. अक्षर लहान करण्यापेक्षा ते हलविणे केव्हाही बरे. संगणकाच्या आज्ञावलींस मात्र चौकटीत मावेपर्यंत अक्षर लहान करीत नेणे सोपे वाटते, आणि तेवढ्यानेही न मावल्यास त्या ते गाळूनच टाकतात. गाळलेला नंबर चुकीच्या नंबराइतका घातक नाही हे कबूल; पण ज्याचा नंबर गाळला गेला त्याला ही सांत्वना पुरणार नाही.

नकाशाची प्रत ही सुवाच्यतेची दुसरी कसोटी होय, आणि पाश्चात्त्य ग्रंथांत तिची चर्चा झाली ती मुद्रणाच्या अंगाने. आपल्याकडील भूमापनाचा कागद छापला जातो त्याहून अधिक वेळा उतरविला जातो. मूळ टिपण, त्यावरून फाळणी, तिची पारदर्शक नक्कल, नकलेची निळी प्रत, तिची छायाप्रत, आणि आता छायाप्रतीचे संगणकीय चित्र, अशी ही परंपरा आहे. प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी घडतात : बारीक रेघ तुटते आणि लहान पोकळी भरते. बोरूच्या वळणात जाड व बारीक रेघांचा जो खेळ आपल्याला मोहवितो तो येथे शत्रू ठरतो, कारण बारीक रेघ तिसऱ्या प्रतीत नाहीशी होते. उलट सारे अक्षर जाड केले तर ‘व’ आणि ‘ब’ दोघांचेही पोट भरून जाते आणि सिन्नरकडची वावी बावी वाचली जाते. म्हणजे रेघ सम हवी, पण जाड नको. पोकळी मोठी हवी, पण त्यासाठी अक्षर रुंद करण्यास जागा नाही. ‘ख’ हा ‘रव’ वाचला जाऊ नये म्हणून त्याचे दोन्ही भाग तळाशी जोडण्याची सुधारणा पूर्वीच मान्य झाली आहे. तिच्यामागील न्याय वरच्या तीन जोड्यांनाही लावला पाहिजे. ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांची गाठ अक्षराच्या मानाने मोठी आणि उघडी असावी, आणि शिरोरेषेतील खंड रेघेच्या दुप्पट जाडीपेक्षा कमी नसावा, असे आम्ही सुचवितो. हे माप प्रयोगसिद्ध नाही. प्रयोगाचा आरंभ म्हणून ते घ्यावे.

वर्गभेदाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांत रोमनकालीन अवशेषांची नावे एका वळणात आणि इतर पुरावशेषांची नावे गॉथिक वळणात लिहिण्याची प्रथा आहे. अक्षर पाहताच काळ कळतो. रोमन लिपीस मोठी लिपी, लहान लिपी आणि इटॅलिक हा तिरपा टंक अशी तीन हत्यारे जन्मतःच लाभली आहेत. देवनागरीस ती नाहीत. आपली तिरपी अक्षरे बहुधा उभ्या अक्षरास यंत्राने कलते करून झालेली असतात, आणि बारीक आकारात हा कल ध्यानातही येत नाही. जुना सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांत भेद दाखविण्यासाठी रंगावर विसंबावे, तर छायाप्रतीत रंग जातो. तेव्हा जाडीतील स्पष्ट भेद आणि एकास चौकट वा वर्तुळ, एवढाच भरवशाचा उपाय दिसतो. तो कुरूप आहे, पण टिकतो.

शिरोरेषाच काढून टाकावी, म्हणजे रेषांचा सारा झगडा मिटेल, अशी सूचना कोणी केल्यास ती वरवर आकर्षक वाटते. एकाच मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजल्या गेलेल्या गुजरातच्या गावांचे नकाशे शिरोरेषाहीन लिपीत आहेतच. परंतु गुजराती लिपीने शिरोरेषा सोडताना अक्षरांची अंगेही बदलली, आणि तरीही तेथे ‘घ’ व ‘ध’ ची जोडी पूर्णपणे निर्धोक झालेली नाही. देवनागरीची केवळ रेषा पुसली तर ज्या जोड्या आज खंडावरून ओळखू येतात त्यांचा तोही आधार जाईल. शिरोरेषा ठेवावी, पण तिला हद्दीच्या रेषेशी समांतर व लगत जाऊ देऊ नये. नाव थोडे सरकवून वा हद्दीशी किंचित कोन करून लिहिल्यास डोळा दोन्ही रेषा वेगळ्या धरतो. ओढ्याचे नाव ओढ्याच्या वळणाने लिहिण्याचा इम्होफ यांचा नियमही देवनागरीत सावधपणे पाळावा लागेल. संगणक शब्द वाकवितो तेव्हा तो एकेक अक्षर फिरवितो, आणि प्रत्येक सांध्यात शिरोरेषेला एक फट पडते. ज्या लिपीत रेषेतील खंड हा अक्षराचाच भाग आहे तेथे असे खोटे खंड पडू देणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. प्रदेशाचे नाव पसरून लिहितानाही हीच अडचण येते. वाक लहान ठेवावा, किंवा नाव सरळ लिहावे.

सध्याचा काळ या प्रश्नाला अनुकूल आहे, म्हणूनच तो निकडीचाही आहे. गावठाणांच्या मोजणीसाठी केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली; ड्रोनने टिपलेल्या चित्रांवरून मिळकतींचे नवे नकाशे तयार होत आहेत, आणि शेतजमिनीचे जुने नकाशे संगणकात उतरविले जात आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ अशी अक्षररूपे प्रमाण ठरविली आहेत, तेव्हा टंकनिर्मात्यास आरंभबिंदूही उपलब्ध आहे. परंतु नकाशाचा म्हणून टंक कोणी निवडीत नाही. संगणकात जो असेल तो वापरला जातो. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा पडद्यावरील मजकुरासाठी घडविलेला टंक त्या कामापुरता उत्तम आहे. सव्वा मिलिमीटरच्या पट्टीतील पोटहिस्स्यासाठी तो घडविलेला नाही, आणि त्याचा दोष त्याच्या कर्त्याकडे जात नाही. बापूराव नाईक यांनी देवनागरी टंकांचा जो विस्तृत विचार १९७१ च्या आपल्या ग्रंथात केला तोही मुख्यतः मुद्रणाचा आहे. नकाशाचे दालन मोकळेच राहिले आहे.

विद्यापीठीय विभागांना येथे करण्याजोगे काम आहे आणि त्यास फारसा खर्चही नाही. चार-पाच प्रचलित टंक घ्यावेत. ‘घ-ध’, ‘म-भ’, ‘य-थ’, ‘व-ब’, ‘१-९’, ‘३-६’ या जोड्या त्यांत सव्वा, दीड व दोन मिलिमीटर उंचीने, अर्थहीन क्रमाने, हद्दीच्या रेषांच्या मध्ये आणि रेषांना खेटून लिहाव्यात. मूळ कागद कोणास न दाखविता त्याची तिसरी छायाप्रत वाचावयास द्यावी. आणि वाचण्यास किती वेळ लागला हे न मोजता कोणते चिन्ह कोणते म्हणून वाचले गेले याचा तक्ता मांडावा. वाचक म्हणून विद्यार्थ्यांबरोबर खेड्यातील वयस्क खातेदारही घ्यावेत, आणि प्रयोग खोलीत न करता दुपारच्या उन्हात, कागद हातात धरून करावा.